दोन इंच बर्फात श्रीमंत देश का थांबतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी उत्तर इंग्लंडमध्ये शिकते. परवा तिथे जेमतेम दोन इंच बर्फ पडला, तर वर्ग रद्द, बस बंद, निम्म्या लोकल गाड्या गायब. तिचा मामेभाऊ मॉन्ट्रियलला असतो. त्याच्याकडे गुडघाभर बर्फातही ऑफिस चालू. मग इंग्लंडला हे जमत नाही, की जमवायचंच नाही? शिवाय नाताळात तुम्ही सहकुटुंब मनालीला निघाला आहात, तर तिथे गाडी अडकण्याची भीती कितपत खरी, हा दुसरा प्रश्न.

मी इंग्लंडमधल्या एका काउन्टीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते विभागात हिवाळी सेवेचं काम बघते. आज रात्री रस्त्यांवर मीठ टाकायचं की नाही, कुठे आणि किती, हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे माझं मत इंग्लंडकडे थोडं झुकलं तर समजून घ्या.

बर्फ किती पडतो हा खरा प्रश्नच नाही. तो किती वर्षांनी पडतो, किती दिवस टिकतो, आणि उरलेल्या काळात त्यासाठीची माणसं, यंत्रं आणि मीठ नुसतं राखून ठेवायला किती पैसे मोजायचे, हा आहे. मुंबईचं बघा. शहराची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका दिवसासाठी गटारं बांधायची म्हटली तर बाकी शहर बांधायला पैसे उरायचे नाहीत. कुठला तरी आकडा धरून बांधकाम करावं लागतं, आणि आभाळाने तो आकडा ओलांडला की शहर थांबणार हे आधीच मान्य करावं लागतं.

मॉन्ट्रियलने धरलेला आकडा फार मोठा आहे, कारण तिथे दर हिवाळ्यात बर्फ पडतोच. रस्ते आणि फूटपाथ मिळून सुमारे १० हजार किलोमीटर साफ करायचे. बर्फ नुसता कडेला ढकलून भागत नाही, तो ट्रकमध्ये भरून शहरातल्या जुन्या दगडखाणीत किंवा इतर ठरलेल्या जागी नेऊन टाकतात. एका हिवाळ्यात असे सरासरी तीन लाख ट्रक भरतात आणि वर्षाला १५ कोटी कॅनेडियन डॉलरहून जास्त खर्च होतो. क्वीबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. हे सगळं परवडतं, कारण ती यंत्रं महिनोन्‌महिने राबतात. आमच्याकडे तेवढीच यंत्रं घेतली तर ती वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभी राहतील, आणि चौथ्या वर्षी कुणीतरी नगरसेवक विचारेल की यावर खर्च का करताय. (विचारतातच.) आणि कॅनडाही काही अजिंक्य नाही. जानेवारी १९९९ मध्ये टोरांटोवर लागोपाठ हिमवादळं आली तेव्हा महापौर मेल लास्टमन यांनी लष्कर बोलावलं. बाकीचा कॅनडा त्यावरून टोरांटोची अजूनही टर उडवतो.

आता मिठाबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फ 'जाळत' नाही. ते पाण्यात विरघळून त्याचा गोठणबिंदू खाली आणतं, एवढंच. म्हणून ते बर्फ पडायच्या आधी टाकायचं असतं: पहिला थर रस्त्याला चिकटत नाही आणि नंतर पात्याने खरवडता येतो. नुसतं दव गोठायची शक्यता असेल तर आम्ही चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास टाकतो, बर्फाचा अंदाज असेल तर २० ते ४० ग्रॅम. रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान उणे सात-आठच्या खाली गेलं की साधं मीठ फार मंदावतं. तिथे खडी-वाळू टाकून पकड मिळवावी लागते किंवा दुसरी रसायनं वापरावी लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बाहेरच्या कुणालाच पटत नाही: मिठाला वाहनं लागतात. टायर ते मीठ बर्फात कालवतात तेव्हा ते नीट काम करतं. रस्ता पूर्ण ओस असेल तर टाकलेलं मीठ बराच वेळ तसंच पडून राहतं. उलट वाहनं अडकून उभी राहिली, तर मिठाचा ट्रकही त्यांच्याच मागे अडकतो. म्हणजे रहदारी हवी, पण ती वाहती हवी.

पावसानंतर बर्फ येणार असेल तर आमची खरी पंचाईत. संध्याकाळी मीठ टाकलं तर पाऊस ते धुऊन नेतो, पाऊस थांबायची वाट बघितली तर पाण्याचा लगेच बर्फ होतो. मधला वेळ कधी तासाभराचा असतो, आणि आमचा एक मार्ग पुरा करायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आय-९५ महामार्गावर नेमकं हेच झालं. सुरुवातीला पाऊस, म्हणून खारं पाणी आधी फवारता आलं नाही. मग वेगाने बर्फ, मग आडवे झालेले ट्रक. शेकडो लोकांनी गाडीत रात्र काढली. त्यांत सिनेटर टिम केन होते. त्यांचा दोन तासांचा प्रवास सत्तावीस तासांचा झाला.

तुमच्या मुलीचे दोन इंच मामेभावाच्या गुडघाभर बर्फापेक्षा वाईट असू शकतात, ते यामुळेच. उणे पंधराला पडलेला बर्फ कोरडा असतो, बुटाखाली करकर वाजतो, त्यावर टायरला बऱ्यापैकी पकड मिळते. इंग्लंडात बर्फ पडतो तो शून्याच्या आगेमागे. तो ओला असतो, चाकांखाली दाबला जातो, दुपारी थोडा वितळतो आणि अंधार पडला की पुन्हा गोठतो. पाण्याचा पातळ थर असलेल्या बर्फासारखा घसरडा पृष्ठभाग दुसरा नाही. शिवाय एका अंशाच्या फरकाने बर्फाऐवजी पाऊस होतो आणि पावसाऐवजी बर्फ, त्यामुळे अंदाजही कायम काठावरचे. कॅनडात जानेवारीत बर्फ पडणार म्हटलं की पडतो. आमच्याकडे टेकडीच्या वर पडतो आणि पायथ्याला पडत नाही.

हे सगळं खरं असलं तरी माझ्या मते क्वचित बर्फ पडणाऱ्या ठिकाणी निकाल यंत्रांवर लागत नाही. तो लागतो पहिला कण पडला तेव्हा रस्त्यावर कोण होतं यावर. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अटलांटा शहराचा आहे, नव्या माणसांना शिकवताना मी तोच सांगते.

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. अटलांटात अडीच इंचांच्या आसपास बर्फ पडला. सकाळी शाळा-कचेऱ्या नेहमीसारख्या भरल्या होत्या. दुपारी बर्फ सुरू झाल्यावर शाळा, खासगी कंपन्या आणि सरकारी कार्यालयं या सगळ्यांनी जवळपास एकाच वेळी लोकांना घरी सोडलं. काही तासांत संपूर्ण महानगर रस्त्यावर आलं, रस्ते भरले, चाकांखालचा बर्फ दाबून गुळगुळीत झाला, आणि मिठाचे ट्रक त्याच कोंडीत उभे राहिले. लोकांनी गाड्या सोडून दुकानांत रात्र काढली, हजारो मुलं शाळेतच झोपली. जगभर थट्टा झाली की दोन इंचांत अमेरिका कोसळली. दोनच आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्यात, तिथे पुन्हा बर्फ आणि गोठणारा पाऊस आला. शहर तेच, यंत्रंही साधारण तेवढीच. पण या वेळी आणीबाणी आधीच जाहीर झाली, शाळा-कचेऱ्या आधीच बंद ठेवल्या, लोक घरी थांबले. झाडं पडली, वीज गेली, पण महामार्ग मोकळे होते आणि तसली कोंडी पुन्हा झाली नाही.

हेच मग सगळीकडे दिसायला लागतं. ६ फेब्रुवारी २०१८ ला पॅरिसच्या आसपास ७३९ किलोमीटर लांबीची एकूण कोंडी नोंदली गेली, तो त्या भागाचा उच्चांक होता. २४ जानेवारी २०२२ ला अथेन्सच्या अत्तिकी ओडोस या टोलरस्त्यावर हजारो गाड्या रात्रभर अडकल्या, सैनिकांनी लोकांना बाहेर काढलं, आणि टोल कंपनीला अडकलेल्या प्रत्येक गाडीमागे २,००० युरो भरपाई द्यायला लागली. अथेन्सला बर्फ नवा नव्हता, आदल्याच वर्षी पडला होता. रस्ता वेळेत बंद केला नाही, हे दुखणं.

जपानकडून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. एकाच देशात बर्फ अंगवळणी पडलेले आणि बर्फ नवा असलेले, दोन्ही प्रकारचे प्रदेश शेजारी शेजारी. निइगाताकडे, नागाओका शहरात रस्त्याच्या मधोमध लहान तोट्या बसवलेल्या असतात. त्यांतून भूजल फवारतात. ते हिवाळ्यातही तेरा-चौदा अंशांचं असतं, त्यामुळे बर्फ पडताक्षणी वितळतो. तिथला बर्फ शून्याच्या आसपास, ओला आणि प्रचंड, म्हणून ही युक्ती चालते. उत्तरेकडच्या, कडाक्याच्या थंडीच्या होक्काइदो बेटावर तेच पाणी फवारलं तर रस्त्यावर घसरगुंडी तयार होईल. फुकटही नाही: उपसा वाढल्याने त्या भागात काही ठिकाणी जमीन खचली आणि पाणी वापरण्यावर बंधनं आली. उलट फुजी पर्वताच्या पलीकडलं कोफू शहर. तिथला जुना उच्चांक ४९ सेंटिमीटर होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये ११४ सेंटिमीटर बर्फ साचला, आणि सगळा यामानाशी प्रांत काही दिवस रस्ता आणि रेल्वे दोन्हींनी तुटला. असल्या दिवसासाठी कुणीच यंत्रं राखून ठेवत नाही, ठेवूही नयेत.

डिसेंबर २०२० मध्ये कानएत्सू द्रुतगती मार्गावर सुमारे २,१०० गाड्या अडकल्या, काही जण दोन दिवसांहून अधिक काळ. तोवर जपानी यंत्रणेचा कल असा होता की महत्त्वाचा रस्ता शक्यतो बंद करायचा नाही. त्यानंतर धोरणच फिरवलं: जोरदार बर्फाचा अंदाज असेल तर द्रुतगती मार्ग आणि त्याला समांतर जाणारा राष्ट्रीय रस्ता दोन्ही एकाच वेळी, बर्फ साचायच्या आधी बंद करायचे. दोन्ही का? कारण एकच बंद केला की सगळे ट्रक दुसऱ्यावर येतात. ऐकायला साधं आहे, पण ही अक्कल अडकलेल्या गाड्या मोजून आली.

अर्थात आधी बंद करण्याची किंमत असतेच, आणि ती ज्याने सही केली त्यालाच मोजावी लागते. जानेवारी २०१५ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन फूट बर्फाचा अंदाज होता. भुयारी रेल्वे बर्फासाठी बंद ठेवण्याची ती पहिलीच वेळ. सेंट्रल पार्कमध्ये पडला जेमतेम दहा इंच, आणि राज्यपालांवर टीकेचा भडिमार झाला. पण पूर्वेला लाँग आयलंडवर त्याच वादळाने दोन फूट बर्फ टाकला होता. अंदाज खोटा नव्हता, थोडा सरकला होता. याच न्यूयॉर्कचा उलटा अनुभव १९६९ चा: पंधरा इंच बर्फानंतर शहराच्या क्वीन्स भागातले रस्ते दिवसेंदिवस साफ झाले नाहीत, चाळीसहून जास्त माणसं दगावली, आणि महापौर लिंडसे यांना त्याची मोठी राजकीय किंमत मोजावी लागली. त्यामुळे तुमच्या मुलीचे वर्ग आदल्या संध्याकाळी रद्द झाले असतील आणि सकाळी दोनच इंच निघाले, तर मी निर्णय घेणाऱ्याच्या बाजूने आहे. सकाळी अकराला, सगळे पोचल्यावर रद्द झाले असतील, तर मात्र तुम्ही खुशाल तक्रार करा.

यंत्रं मुळीच नकोत, असं मी म्हणत नाही. क्वचित बर्फ पडणाऱ्यांनी दुहेरी कामाची घ्यावीत. न्यूयॉर्कचे कचरा उचलणारे ट्रकच समोर पातं लावून बर्फ ढकलतात. खातंही तेच, चालकही तेच. आमच्याकडे गावरस्त्यांसाठी शेतकऱ्यांशी करार असतात: पातं काउन्टीचं, ट्रॅक्टर त्यांचा. एरवी तो ट्रॅक्टर शेतात राबतच असतो, आम्हाला भुर्दंड नाही. माद्रिदकडे असं काही पुरेसं नव्हतं. जानेवारी २०२१ च्या फिलोमेना वादळात तिथे अर्धा मीटर बर्फ पडला, पन्नास वर्षांतला सगळ्यात जास्त. लष्कराचं आपत्कालीन पथक आलं, बाराहास विमानतळ बंद पडला. पण खरा त्रास नंतर झाला. वेळेत न उचललेला बर्फ पुढच्या थंडीच्या लाटेत दगड झाला, आणि मग तो फावड्याने नव्हे, कुदळीने फोडावा लागला. पहिल्या चोवीस तासांत जे निघत नाही ते पुढे चौपट कष्टाने निघतं.

इंग्लंडच्या चुकाही सांगते. फेब्रुवारी २००९ मध्ये लंडनच्या सगळ्या बस एका दिवसासाठी थांबल्या, आणि त्याच महिन्यात देशभर मीठ संपत आलं. बहुतेक मीठ मोजक्या खाणींतून येतं, चेशरमधली विन्सफर्ड त्यांत मोठी, आणि सगळ्या काउन्ट्यांनी मागणी एकदम नोंदवली. सरकारला वाटपासाठी मध्यवर्ती कक्ष नेमावा लागला. त्यानंतर नेमलेल्या क्वार्म्बी समितीने सांगितलं की हिवाळ्याच्या सुरुवातीला बारा दिवस सलग पुरेल इतकं मीठ हाताशी हवं. बहुतेकांनी ते ऐकलं. त्याआधी कायद्यातही गंमत होती: २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निर्णय दिला होता की रस्त्यावरचा बर्फ काढणं हे रस्तेखात्याचं कायदेशीर कर्तव्यच नाही. २००३ मध्ये कायदा बदलून ते कर्तव्य आलं, पण 'वाजवी व्यवहार्य असेल तितकं' या शब्दांत. म्हणूनच आम्ही सगळे रस्ते करत नाही. मुख्य रस्ते, बसमार्ग, रुग्णालयाकडे जाणारे रस्ते, एकूण लांबीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास. मुलीची गल्ली बहुधा यादीत नसेल.

रेल्वेचं दुखणं वेगळं. दक्षिण इंग्लंडात बऱ्याच मार्गांवर वीज डोक्यावरच्या तारेतून न येता रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते. त्यावर बर्फाचा पापुद्रा बसला की गाडीला वीज मिळत नाही. उत्तरेत तो प्रकार जवळपास नाही. तिथे गाडीचा रूळ बदलणारे सांधे गोठतात किंवा गाडीचे कर्मचारीच कामावर पोचू शकत नाहीत. विमानतळांचं गणित वेगळ्याच गोष्टीवर अडतं. डिसेंबर २०१० मध्ये लंडनचा हीथ्रो नाताळाच्या आठवड्यात कोलमडला, कारण तिथल्या दोन धावपट्ट्या एरवीच क्षमतेच्या काठोकाठ चालतात. तासाभरासाठी एक थांबवली तरी तो तास भरून काढायला दिवसात जागाच नाही. धावपट्टी लवकर मोकळी झाली होती, अडलं होतं उभ्या विमानांभोवतीच्या बर्फावर.

आता मनाली. हिमालयात बर्फ क्वचितचा नाही, तिथे सीमा सडक संघटना हे काम पिढ्यान्‌पिढ्या करते आहे. क्वचितची गोष्ट म्हणजे सुट्टीतली गर्दी. अटल बोगद्याची तोंडं दहा हजार फुटांवर आहेत. बोगदा आतून कोरडा असला तरी बाहेर पडल्यावर सोलंगकडचा उतार उघडा. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळाच्या तोंडावर तिथे हजारभर गाड्या अडकल्या, पोलिसांनी पर्यटकांना रात्री बाहेर काढलं. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये असाच बर्फ बघायला आलेला जमाव अडकला आणि किमान २२ माणसं गाडीतच गेली. बहुतेकांचा जीव थंडीने गेला नाही. हीटरसाठी इंजिन चालू, सायलेन्सर बर्फाखाली गाडलेला, आणि कार्बन मोनॉक्साइड आत. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. अडकलात तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडा वेळच चालवा, वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा.

पुण्याहून स्वतःची गाडी नेऊ नका. फोर-बाय-फोर असली तरी नाही. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी निघते, थांबायला तिचा उपयोग होत नाही. साखळ्या बांधणारा तिथलाच ड्रायव्हर घ्या, आणि तो 'आज वर नको साहेब' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. बर्फाचा इशारा असेल त्या दिवशी दुपारी दोननंतर बोगद्याकडे जाऊ नका. परतताना सावलीतले उतार आधी गोठतात.

मुलीसाठी: हवामान खात्याचा इशारा पिवळा असेल तर बाहेर पडायला हरकत नाही, वेळ जास्त धरायचा. नारिंगी असेल तर आदल्या दिवशीच दूध-पाव आणून घरी थांबायचं. गल्लीच्या कोपऱ्यावर पिवळी पेटी असते, तीतलं तपकिरी मीठ सार्वजनिक रस्ता आणि फूटपाथसाठी असतं, ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. घरासमोरचा फूटपाथ साफ केला आणि कुणी घसरलं तर आपल्यावर दावा होईल, ही इथली लोकप्रिय भीती आहे. सरकारी सूचनेत स्पष्ट म्हटलंय की तसं होण्याची शक्यता फार कमी. (जर्मनीत असती तर उलट झालं असतं. तिथे घरासमोरचा फूटपाथ साफ करणं घरमालकाची आणि कित्येकदा करारानुसार भाडेकरूचीच जबाबदारी असते, तीही सकाळी सातपासून.) पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने काढून मग चिमूटभर मीठ टाकायचं. केटलमधलं उकळतं पाणी मात्र ओतू नको म्हणावं. दरवर्षी कुणीतरी ओततं, आणि तासाभरात त्या पायरीवर आधीपेक्षा गुळगुळीत बर्फ झालेला असतो.